टोपण लाव

माझं वाचनाचं पहिलं पुस्तक बाटल्यांवर छापलेलं होतं.
काउंटरखाली बसून मी लेबलं फोडायची:
टो-लु-ईन.
फॉर्म-आल्डि-हाइड.
आईला जर्मन बोलता यायचं, बारीक टायपातलं वाचता यायचं नाही.
ती म्हणायची, मोठ्यानं वाच, ऐकतेय मी,
आणि मान खाली घालून
फ्राउ झाइफर्टच्या करंगळीवर चेरीचा रंग चढवायची.

केम्नित्समध्ये, ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्या अलीकडे,
इस्त्रीवाल्याच्या शेजारी आमचं दुकान.
पाटीवर लुलू. आईचं नाव लुआ, म्हणजे रेशीम.
सत्त्याऐंशी साली ती हनोईहून मोज्यांच्या कारखान्यात आली.
भिंत पडली, मग कारखाना पडला,
बोटं उरली.
बोटांनी दुसरं काम शोधलं.

पुढे बाटल्या सुधारल्या.
तीन-मुक्त आल्या, मग पाच-मुक्त, मग दहा-मुक्त.
आई हसली: हे नाही, ते नाही, तेही नाही,
मग आत आहे तरी काय?
मी बाटली उलटी केली. होतं बरंच.
सगळ्यात लांब नाव एका दमात येईना:
हायड्रॉक्सी-इथाइल-मेथाक्रिलेट.
हा कोण?
हा दिव्याखाली जेलला घट्ट करतो.
मग भला माणूस दिसतोय, आई म्हणाली.

भला माणूस नखावरच थांबला असता तर.
पण ब्रश अर्धा मिलिमीटर घसरतो,
दिवा जुना असतो, वरचं वाळतं, खालचं ओलंच राहतं,
आणि पातळ हातमोज्यातून तो
नात्यातल्या माणसासारखा, दार न वाजवता आत येतो.
कागदी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही.
हे सगळं नंतर कळलं.
आधी आईच्या बोटांची टोकं फुटली,
मासळीला मीठ चोळताना डोळ्यांत पाणी,
आणि पासपोर्टच्या कचेरीत यंत्र म्हणालं,
बोट पुन्हा ठेवा.
बोट पुन्हा ठेवा.
मागची रांग खोकली.
चोवीस वर्षं जी या शहराचे हात हातात घेऊन बसली,
तिचा अंगठा शहराला ओळखू येईना.

त्वचेच्या डॉक्टरनं पाठीवर चौकटी चिकटवल्या,
अंघोळ बंद.
काढल्या तर चौदा नंबरची जागा लाल, वर मसुरीएवढे फोड.
मी यादीत चौदा शोधला.
या वेळी नाव एका दमात आलं.

खरा धक्का दाढेचा.
दातांच्या डॉक्टरनं आईचं ॲलर्जीचं कार्ड वाचलं
आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं.
दात भरायचा मसाला त्याच घराण्यातला,
तोही निळ्या दिव्याखालीच घट्ट होतो.
दुसरं काही भरू, म्हणाले, लवकर झिजेल.
आणि पुढे कधी गुडघा बदलायचा झाला तर आधी सांगा,
सिमेंटमध्ये याचेच चुलतभाऊ असतात.
आई खुर्चीत आ वासून पडलेली,
तिला काही बोलताही येईना.
काम नखांवर केलं, बिल दाढेच्या नावानं आलं,
गुडघ्याचं बाकी.

परवा फ्राउ झाइफर्ट नातीच्या बाराव्या वाढदिवसाचा संच घेऊन आल्या,
इंटरनेटवरून मागवलेला: दिवा, सहा जेल, चमकी, अकरा युरो.
आईनं एकेक बाटली माझ्यापुढे सरकवली.
मोठ्यानं वाच.
चौथ्या बाटलीवर काही लिहिलेलंच नव्हतं.
फ्राउ झाइफर्ट आधी रागावल्या, मग गप्प झाल्या,
मग संच पिशवीत टाकून ट्राम पकडायला गेल्या.
परत केला का, आम्ही विचारलं नाही.

आता आई रंग लावत नाही.
कानशीनं नख गोल करते, तेल चोळते,
आणि नव्या मुलीच्या, न्यानच्या, पाठीशी उभी राहते:
हातमोजा बदल. कातडीला नको. खिडकी उघड.
टोपण लाव.
मी मुक्कामाला असले की घरीही तेच.
माशाच्या सॉसला, खोकल्याच्या औषधाला, माझ्या पेनालासुद्धा.
काल रात्री, मला झोप लागली असं समजून,
फ्रिजच्या उजेडात अनवाणी उभी,
स्वतःशीच पुटपुटत होती:
टोपण लाव, लुआ.
टोपण लाव.